टुरिस्ट बनून भंडारदऱ्याला, मुलगा बघायला

भंडारदऱ्याला जायचं ठरलं ते तलावासाठी नाही, हे आधीच सांगून टाकतो. आमची सायली पडघ्याजवळच्या एका वेअरहाऊसच्या ऑफिसात कामाला आहे. मागे ऑफिसच्या ग्रुपबरोबर रतनगडच्या ट्रेकला गेली आणि येताना एक मुलगा पसंत करून आली. नाव किरण. तलावाकाठी स्वतःच्या जमिनीवर तंबू लावतो, पर्यटकांना गड-धबधबे दाखवतो. वडील नाहीत, घरी आई. "बाबा, एकदा भेटा तर खरं," ती म्हणाली. भेटायला माझी हरकत नव्हती. पण सांगून गेलं की घरही झाडलेलं मिळतं आणि माणसंही.

हा ब्लॉग नेहमी वाचणाऱ्यांना माझा स्वभाव माहीत आहे. मी हॉटेलात आधी ग्लासाचा वास घेतो आणि मग मेनू मागतो. तर लेकीच्या बाबतीत मी काय करणार? बायकोच्या, म्हणजे सुनंदाच्या, माहेरच्या आडनावाने त्याच्याच कॅम्पमध्ये एक तंबू बुक केला. सायलीला सांगितलं, नाशिकला लग्नाला चाललोय. (नावं बदलली आहेत, आणि हे सगळं सायलीला विचारूनच लिहितोय. तिने परवानगी सहज दिली नाही.)

"तिचं नाक माझ्यावर गेलंय. त्यानं वलखला तं?" सुनंदा म्हणाली.

"थंडी आहे, मफलर गुंडाळ," मी म्हणालो.

शनिवारी सकाळी भिवंडीजवळच्या आमच्या शेलारहून निघालो. वाटेत नारपोलीत टायर दाखवून घेतले. तिथला ओळखीचा पंक्चरवाला म्हणाला, "सेठ, परसों ही तो देखा था. इतना शक मत किया करो, हवा भी डर जाती है." मी पुन्हा एकदा स्टेपनीची हवा बघायला लावली. पडघा सोडलं की नाशिक हायवेला गोडाऊनचे पत्रे संपतात आणि डोंगर दिसायला लागतात. शहापूरला चहा, कसारा घाट धुक्यात, इगतपुरीनंतर घोटीला उजवीकडे वळायचं. पेट्रोल, एटीएम, औषधं, जे काही हवं ते घोटीतच उरकून घ्या. घोटीतल्या मिसळीला तर्री चांगली होती, पाव मात्र कालचे. शेंडीपर्यंत रस्ता ठीक आहे. तिथून तलावाला वळसा घालणारा रस्ता अरुंद, वळणावळणाचा, आणि मोबाईलची रेंज येऊन-जाऊन. लहान गाडी नेत असाल तर खड्डे बघून चालवा.

गावाचं नाव लिहीत नाही. रस्त्यावर 'स्वर्ग लेक रिसॉर्ट' अशी पाटी दिसली आणि आत गेलो तर कापलेल्या भातखाचरात दहा-बारा तंबू. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा! पण मान वर केली आणि गप्प झालो. समोर पाणी, पाण्यापलीकडे रतनगड आणि कुठेही कसलाच आवाज नाही. बघत राहावं असंच होतं, हे कबूल करतो.

किरण सामान घ्यायला पळत आला. उंच, सावळा, नको इतका नम्र. मला नम्र माणसांची पहिली शंका येते. "काका, टॉयलेट त्या बाजूला, गरम पाणी सकाळी चुलीवरचं मिळेल." तंबूत गादी, दोन रजया, चार्जिंगचा एक बोर्ड. रजईचा वास घेतला. उन्हात वाळवलेली होती. जेवण-नाश्ता धरून माणशी हजाराच्या आसपास घेतात. शनिवार-रविवारी थोडं जास्त, पण लूट नाही.

दुपारी बोटीत बसायचं होतं. त्याने नकार दिला. म्हणाला, वारं सुटलंय, आज बोट नाही. शेजारच्या तंबूतला ठाण्याचा एक ग्रुप दुप्पट पैसे द्यायला तयार होता, आवाजही चढले होते. हा हसतच नाही म्हणत राहिला.

"बग, धंद्यापरीस मानसाचा जीव मोठा मानतो," सुनंदा कौतुकाने कुजबुजली.

"बोटच नादुरुस्त असेल," मी म्हणालो. मग काठावर जाऊन बोट बघून आलो. बोट ठणठणीत होती.

संध्याकाळी त्याची आई, हौसाबाई, उघड्यावर चुलीपाशी भाकऱ्या थापत होत्या. नागलीची भाकरी, पिठलं, ठेचा आणि तलावातल्या माशाचं कालवण. मासा ताजा आहे का, हे खाडीकाठच्या माणसाला शिकवावं लागत नाही, ताजाच होता. मी चुलीशी शेकत बसलो आणि हळूहळू माझ्या मुद्द्यावर आलो. आमच्याकडे स्थळ बघताना मुलाचा पगार नंतर विचारतात, आधी सातबारा विचारतात. त्यावर नावं किती, वाद आहे का, बोजा आहे का, हे कळलं की घर कळलं. माझ्या वडिलांनी माझ्या बहिणींच्या वेळी तेच केलं होतं.

"ही जमीन कोणाच्या नावावर?" मी विचारलं.

"माझ्या," हौसाबाई म्हणाल्या. त्यांचे हात थांबले नाहीत.

"किती आहे एकूण? तलावापर्यंत सगळी तुमचीच का?"

"हाये आपली पोटापुरती."

"भाऊबंदांची काही खटखट?"

यावर त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि भाकरी परतली. मला वाटलं, काहीतरी लपवतात.

रविवारी सकाळी रतनवाडीला अमृतेश्वराचं देऊळ बघून आलो. दगडावरचं कोरीव काम सावकाश बघा, आणि गर्दी टाळायची असेल तर लवकर जा. परतताना गावातल्या चहाच्या टपरीवर थांबलो. तिथे मी पुन्हा तोच विषय काढला. ती तंबूवाली जमीन कशी आहे? भानगड नाही ना? बाई विकणाऱ्यातल्या नाहीत ना? हा शेवटचा प्रश्न मी का विचारला? लेकीच्या डोक्यावरचं छप्पर उद्या राहील का, एवढंच मला बघायचं होतं. टपरीवाल्याने चहा दिला आणि तो फोन घेऊन बाहेर गेला.

कॅम्पवर पोचलो तर आमच्या बॅगा तंबूबाहेर काढून ठेवलेल्या. हौसाबाई पदर खोचून उभ्या, मागे किरण.

"पाव्हनं, गाडी काढा," त्या म्हणाल्या. "जमीन इकायची नाय. कालच्या राती कळलं मला तुमचं. गेल्या सालीबी असंच एक जोडपं आलं व्हतं. तंबूत ऱ्हायलं, माझ्या हातची भाकर खाल्ली, अन् शेजारच्या म्हाताऱ्याची जमीन कागदावर घेऊन गेलं. आता त्याच्याच खाचराला त्यांचं कुंपान हाये."

"आई, शांतपणे बोल," किरण म्हणाला. मग माझ्याकडे वळून, "काका, तुमचे पैसे परत देतो. पण जमिनीचं पुन्हा कोणाला विचारू नका. आईला रात्रभर झोप नाही."

म्हणजे त्या मला जमिनी घेणारा समजत होत्या. एजंट! भिवंडीच्या माणसावर हा आरोप यावा हे साहजिकच आहे. आमच्याकडची शेतं कुठे गेली ते सगळ्या जगाला दिसतं. मी काहीतरी गोल उत्तर जुळवत होतो, एवढ्यात सुनंदाने मफलर काढला.

"आमाला जमीन नको गं बाय. आमी सायलीचे आयबापूस हाव."

किरणचा चेहरा पांढराफटक पडला. हौसाबाईंना मात्र समजायला क्षणही लागला नाही. त्यांना सायली माहीत होती.

"म्हंजी सोयरीक बघाया आलात," त्या म्हणाल्या, "अन् नाव खोटं सांगून?"

"पोरीची आय हाय मी. धीर निघला न्हाय," सुनंदा म्हणाली आणि तिला रडू आलं.

"मीबी पोराचीच आय हाये."

मी हात जोडले. माफी मागितली, खरं नाव सांगितलं, गाव सांगितलं. हौसाबाईंनी बॅगा पुन्हा आत ठेवायला सांगितल्या नाहीत. पण न जेवता सोडलंही नाही. निघताना त्या गाडीच्या खिडकीपाशी आल्या.

"आता मी येईन तुमचं घर बघाया," त्या म्हणाल्या. "नाव खरं सांगन. पन कधी येईन, ते नाय सांगायची."

तुम्ही भंडारदऱ्याला जात असाल तर जरूर जा. थंडीत जा, दोन दिवस काढून जा, वारं असताना बोटीचा हट्ट धरू नका. आणि चुलीशी बसलात तर भाकरीची चव विचारा, जमीन कोणाची ते विचारू नका.

मला काय मिळालं? सवयीने मी त्या पोरात खोट शोधत राहिलो आणि मला ती सापडली नाही. रात्रभर न झोपलेल्या आईमागे उभा राहून, आम्हाला एजंट समजत असतानाही तो मला काकाच म्हणत होता. मला तो आवडला. हे सायलीला सांगायला मी घाईने घरात शिरलो, पण आधी बाकीचं सगळं सांगावं लागलं.

तिने पूर्ण ऐकून घेतलं. ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"तुम्ही नाही म्हणाल, याची मी तयारी करून ठेवली होती, बाबा," ती म्हणाली. "किरणच्या आई नाही म्हणतील असं मला कधी वाटलंच नव्हतं."

मी म्हणालो, त्या येतील. तिने मान हलवली आणि ती आत गेली. त्यानंतर कितीतरी रिक्षा आमच्या दारात थांबल्या. कोणी कुरियरवाला, कोणी शेजारच्यांकडचा पाहुणा. फाटक वाजलं की आता मीच आधी उठतो, आणि सायली खोलीच्या दारात येऊन माझ्या तोंडाकडे बघते.