मामांची प्रतिसृष्टी

ब्रह्मदेवाला आव्हान देऊन स्वतःची सृष्टी निर्माण करायला निघालेले दोघेच मला ठाऊक आहेत. एक विश्वामित्र आणि दुसरे माझ्या बायकोचे मामा. विश्वामित्रांच्या पाठीशी तपश्चर्या होती. मामांच्या पाठीशी गंगापूर रोडवरच्या रो-हाउसचं मागचं अंगण होतं, त्यातही अर्ध्या जागेत पाण्याची टाकी.

मामा डे-लिली लावतात. लावतात म्हणजे त्यांची लग्नं लावतात. एका फुलाचे परागकण दुसऱ्या फुलावर टेकवायचे, हा विधी ते सकाळी आंघोळ करून, श्वास रोखून पार पाडतात. मधमाशी दिसली की पंचा फिरवत धावतात. "परस्पर जमवणारी जात आहे ही!" एकदा त्यांनी इगतपुरीहून जांभळी लिली आणली, चांदवडहून नारिंगी, आणि मला स्थळांची माहिती दिली. "मुलीला पावसाची सवय आहे. मुलगा कांद्याशेजारी वाढलाय, पण स्वभावानं गोड." लग्न लागलेल्या फुलाच्या देठाला ते खुणेचा दोरा बांधत, तो अर्थात मामींच्या शिवणाच्या डब्यातला. मामी म्हणत, "मला बटण लावायला दोरा नाही, आणि यांच्या सुनांना मंगळसूत्रं!"

बी धरलं, रुजलं, आणि तिसऱ्या वर्षी एका रोपाला दांडा आला. कळी हिरवी असतानाच मामांनी जाहीर केलं, की फूल जांभळं येणार, कडेला सोनेरी काठ. नाव मात्र त्यांनी फक्त मला, टाकीमागे नेऊन सांगितलं: 'शालिनी'. म्हणजे आमच्या मामी. "इतकी वर्षं झाली लग्नाला, तिला मनासारखं काही देता आलं नाही हो. साडी आणली की ती दुकानात जाऊन बदलून आणते. हे कसं बदलेल?"

एका सकाळी फोन आला. "जावईबापू, निघा! उमलतंय!" मी चहा तसाच टाकून पोचलो. मामा फाटकातच वाट पाहत उभे होते. त्यांनी मला हाताला धरून मागे ओढत नेलं. दांडा होता. फूल नव्हतं.

हातात पिशवी घेऊन फिरायला निघणाऱ्या आणि लोकांच्या फुलांवर आपले देव सजवणाऱ्या भाविकांवर मामांचा जुना राग. त्यांनी मागच्या गल्लीत धाव घेऊन एका गृहस्थांची पिशवी तपासली. तगर निघाली, जास्वंद निघाली. एवढ्यात घरातून घंटा ऐकू आली. आम्ही देवघराकडे धावलो.

शालिनी गणपतीच्या डोक्यावर होती.

"टपोरं होतं हो, म्हटलं देवालाच वाहावं," मामी म्हणाल्या.

"अगं, ती तू होतीस!"

मामींनी निरांजन खाली ठेवलं. पुढचा खुलासा मी केला. मामींनी वाकून फूल जवळून पाहिलं. मग म्हणाल्या, "आधी सांगायचं नाही का? हे काय मी बदलून आणणार होते?"

दुसऱ्या दिवशी त्याच दांड्यावरची पुढची कळी उमलली. मामी ठेवणीतली साडी नेसून फुलाशेजारी खुर्ची टाकून बसल्या. पिशवीवाल्या गृहस्थांनी कुंपणावरून सवयीनं हात लांबवला.

"हात नका लावू," मामी म्हणाल्या. "ती मी आहे."

मामा मागे उभे होते. मधमाशी आली, तरी त्यांचा पंचा खांद्यावरच राहिला.

संध्याकाळी फूल मिटलं. डे-लिली एकच दिवस टिकते. रंगाबद्दल आमच्यापैकी कुणीही अजून बोललेलं नाही. तो नारिंगी होता.