अंबय्याचा हात आणि आमचे काका

आमच्या मावशीच्या यजमानांइतका भांडणाला निरुपयोगी माणूस साऱ्या सोलापुरात दुसरा नसेल. भांडायला निदान एक ठाम मत लागतं, आणि काकांचं कुठल्याही गोष्टीबद्दल मत बनायला पंधरवडा लागे. आमटी खारट झाली तर चारचौघांसारखं ताट सरकवून ते उठत नसत, घास गिळून शांतपणे विचारत, "ही नेमकी कोणकोणत्या दिवशी खारट होते?" मावशी वैतागे. "खारट झाली तर खारट झाली म्हणावं की! वार कसले विचारता?" पण काका नुसतं विचारून थांबणाऱ्यांतले नव्हते. एकदा त्यांनी स्वयंपाकघराच्या दारामागे चुन्याने खुणा करायला सुरुवात केली. आमटी कशी झाली, त्या दिवशी चूल कुणी पेटवली, घरी कोण आलं, कोण गेलं, सगळ्याच्या खुणा. बऱ्याच दिवसांनी त्यांनी जाहीर केलं, की शेजारच्या वत्सलाबाई गप्पा मारायला येतात त्या दिवशी आमटीत मीठ दोनदा पडतं. एकदा त्या येण्याआधी आणि एकदा त्या गेल्यावर. उपायही साधा होता. मीठ घातलं की बरणी वरच्या फळीवर ठेवायची. शोध बिनतोड होता, आमटीही सुधारली. फक्त पुढचा आठवडाभर काकांचं पान ओसरीवर वाढलं जात होतं.

मी तेव्हा सोलापुरात शाळामास्तर होतो आणि मावशीकडे राहत होतो. काका भवानी पेठेत लुगडी-चादरींच्या एका हातमागाच्या कारखान्यात व्यवस्थापक होते. डोक्यावर काळी टोपी, अंगात पांढराशुभ्र सदरा आणि वर कोट, असे ते भर उन्हात छत्री घेऊन निघत. वाटेत कुणी "काय काका, काय उकडतंय!" म्हणालं, तर "कालच्यापेक्षा जास्त का कमी?" असं विचारून त्याला उन्हात उभं करून ठेवत. लोक त्यांना पाहून गल्ली बदलत, आणि आज गल्लीत माणसं कमी का, याचाही काका विचार करत.

एका उन्हाळ्यात या कारखान्यावर संकट आलं. त्यांच्या लुगड्यांचा लाल काठ पार हुबळीपर्यंत नावाजलेला. हा लाल रंग फक्त अंबय्या करी. अंबय्या म्हातारा, तेलुगू बोलणारा, एकटा; उकळत्या हंड्यात सुताच्या लडी बुडवायचा त्याचा झोक असा, की लोक बघत उभे राहत. आणि याच अंबय्याचं सूत अधूनमधून मळकट, विटकरी निघू लागलं. व्यापारी माल परत पाठवू लागले. मालक तापट. त्यांनी काकांना बोलावून सांगितलं, "म्हातारा झाला तो. हात गेला त्याचा. त्याला म्हणावं, आता घरी बस."

काका म्हणाले, "बसवू. पण पाऊस पडेपर्यंत मला वेळ द्या."

"तोवर काय सापडणार आहे तुम्हाला?"

"ते ठाऊक असतं तर वेळ कशाला मागितला असता?"

मालक हसले आणि फसले. शाळेला सुट्टी होती, म्हणून मीही काकांबरोबर जाऊ लागलो. गंमत अशी, की शोध लावायला पहिला विरोध अंबय्याचाच. तो हंड्याशेजारी उकिडवा बसून म्हणाला, "नका शोधू, साहेब. मला माहीत हाय. बायको गेली तवापासून हातात काय राहिलं न्हाय."

काका त्याच्याशेजारी बसले. "तुझी बायको गेली दिवाळीत. रंग बिघडला होळीनंतर. मधले सगळे महिने हात चांगला होता की, अंबय्या!"

अंबय्याने मान वर केली. मला वाटतं, हा हिशेब त्याला तोवर कुणी करून दाखवला नव्हता.

मग मावशीच्या एका जुन्या लुगड्याचा बळी गेला. त्याच्या चिंध्या करून काकांनी प्रत्येक लडीला एकेक बांधली. कुठला हंडा, रंगाची कुठली पुडी, वेळ सकाळची का दुपारची, हे सगळं त्या चिंधीच्या गाठींवरून कळे. काकांचा स्वतःचा संशय पुड्यांवर होता. पुष्कळ लडी जमल्यावर त्यांनी कारखान्याच्या अंगणात ढीग लावले. पुड्यांप्रमाणे लावले, तर प्रत्येक ढिगात चांगल्या-वाईट लडी मिसळलेल्या. हंड्यांप्रमाणे लावले, तरी तेच. शेवटी वेळेप्रमाणे लावले. आणि सकाळचा ढीग कुंकवासारखा, दुपारचा ढीग विटांसारखा! "मी चुकलो! पुड्यांचा दोष नाही, मी साफ चुकलो!" असं ओरडत काका अंगणभर फिरले. स्वतःची चूक सापडल्यावर इतका आनंद झालेला माणूस मी पुन्हा पाहिला नाही.

मालक मात्र म्हणाले, "झालं तर! दुपारी म्हातारा थकतो. मी वेगळं काय सांगत होतो?"

अंबय्याचा चेहरा उतरला. काकांनी वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी ते छत्री उघडून अंगणातच बसले आणि नुसते बघत राहिले. तेव्हा दिसलं, की पाणी भरणारा रसूलभाई पुढच्या विहिरीवर न जाता कारखान्यामागे चालला आहे. काकांनी विचारलं, तर तो म्हणाला, "इस धूपकाले में सामने की बावडी दोपहर कू सूक जाती ना साब. फिर पीछे का पानी लाता मैं. पानी तो पानीच है ना?"

काकांनी मागच्या विहिरीचं पाणी ओंजळीत घेऊन तोंडात घातलं. मचूळ होतं.

एवढ्यावर दुसऱ्या कुणी जिंकल्याचा डंका पिटला असता. काकांनी मालकांनाच अंगणात उभं केलं. सकाळी मागच्या विहिरीचं पाणी हंड्यात भरलं. अंबय्या ताजातवाना, तरी रंग विटकरी. दुपारी, ऊन डोक्यावर आणि अंबय्या घामाने निथळलेला असताना, पुढच्या विहिरीचं सकाळी भरून ठेवलेलं पाणी वापरलं. लड वर आली ती पेटल्यासारखी लाल.

अंबय्या ती ओली लड घेऊन उन्हात गेला, उलटीपालटी करून पाहू लागला, आणि तेलुगूत काहीतरी भराभर बोलू लागला. हसत होता, डोळे पुसत होता. मालकांनी हळूच विचारलं, "काय म्हणतोय तो?"

रसूलभाईला तेलुगू कळे. खाली बघत तो म्हणाला, "घरवाली से बोल रा वो."

त्या दिवसापासून कारखान्यात दगडी टाकी बांधायचं काम सुरू झालं. पहाटे पुढच्या विहिरीचं पाणी टाकीत भरायचं, ते फक्त लाल रंगाला. मालकांनी अंबय्याची माफी काही मागितली नाही. पण टाकीचा पहिला दगड त्याच्या हातून बसवून घेतला. काका पाऊस पडून विहिरी भरल्या तरी चिंध्या बांधतच होते. अंबय्या कंटाळून म्हणे, "आता पुरे की, साहेब!"

पुढे काकांना डोळ्यांनी कमी दिसू लागलं आणि मुलाने त्यांना आणि मावशीला पुण्याला न्यायचं ठरवलं. स्टेशनवर आम्ही घरची चार माणसं होतो. गाडी हलायच्या बेतात असताना अंबय्या कामावरून तसाच धावत आला. एरवी हात जोडून लांब उभा राहणारा तो माणूस त्या दिवशी पुढे झाला आणि कोट काढून बसलेल्या काकांचा दंड त्याने खिडकीतून घट्ट धरला. गाडी निघाली तेव्हा काकांच्या पांढऱ्या बाहीवर लाल बोटं उमटली होती. मावशीने मागाहून कळवलं, की पुण्यात पोचल्यावर तिने सदरा धुवायला मागितला, तर काका म्हणाले, "राहू दे तो तसाच. कुठे जायचं असलं, की घालीन."