दादाजीभाऊंना न समजलेली गाडी

दादाजीभाऊ गाडीला पाना लावण्याआधी तिचा प्लग काढून उन्हात धरायचे, डॉक्टर रोग्याची जीभ पाहतो तसा. प्लगचं टोक पांढरं दिसलं की म्हणायचे, "उपाशी हाय." काळं, तेलकट दिसलं की, "अपचन झालं." आणि चहासारखं तांबूस दिसलं तर गाडीवाल्याला तसंच परत पाठवायचे. "हिले काईच झालं नाई, तुमालेच काही झालं असन."

पोंभुर्ण्याच्या बाहेर, रस्त्याला लागून त्यांची टिनाची शेड होती. मी त्या भागात आरोग्यसेवक. लसीचा डबा घेऊन जंगलातल्या गावांना जायचं, तर वाटेत दगड, नाले, चिखल. म्हणून एक जुनी टू-स्ट्रोक गाडी घेतली, तिला दातेरी टायर चढवले, सायलेन्सर वर बांधून घेतला. चढावर ती छान चढायची, पण नाल्याशी वेग कमी केला की बंद पडायची. म्हणून भाऊंकडे गेलो.

त्यांनी कार्बोरेटरचा एक बारीक स्क्रू दाखवला. "हा आत फिरवला का पेट्रोल वाढते."

"बंद केल्यावर वाढतं?"

"हवेचा स्क्रू हाय जी हा! हवा कमी केली तर पेट्रोलच भारी होईन ना? अन् या गाडीचं तेल पेट्रोलातच मिसळलं असते. पेट्रोल कमी पडलं का तेलबी कमी, मंग इंजन जाम."

मी मान डोलावली. घरी जाईपर्यंत पुन्हा सगळं उलटंपालटं झालं. पुढच्या खेपेला परत विचारलं, तर त्यांनी भाताचं उदाहरण दिलं. "पाणी कमी पडलं तर भात वाढते का? नाई. करपते." त्यावर मी आणखीच गोंधळलो. भाऊ मात्र कधी वैतागले नाहीत. मी डॉक्टर नाही हे ठाऊक असूनही मला 'डाक्टरसाहेब' म्हणायचे आणि हसायचे.

मोहफुलांच्या दिवसांत गाडीला भलतंच काही झालं. वेगाची मूठ सोडली तरी इंजिनाचा वेग खाली येईना, ते किंचाळतच राही. प्लग पांढराफटक. भाऊंनी स्क्रू फिरवला, पेट्रोल सोडणारा पितळी जेट मोठा घातला, पुन्हा काढला, पुन्हा घातला. तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी इंजिन जरा शांत वाटलं. शेडीत चार गिऱ्हाइकं बसली होती.

"न्या साहेब. झाली."

"नक्की काय होतं, समजलं का?"

"समजलं ना," ते दुसरीकडे पाहत म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी लसीचा डबा मागे बांधून निघालो. नाल्याच्या उतारावर मूठ सोडली, इंजिन तसंच किंचाळत राहिलं आणि एकाएकी जाम झालं. मागचं चाक जागीच अडकलं. मी दगडांवर जाऊन पडलो. मोहफुलं वेचणाऱ्या बायांनी मला उचलून सावलीत नेलं. त्यांच्यातल्या एकीने लसीचा डबा डोक्यावर घेतला आणि मी काही सांगण्याआधीच ती गावाकडे चालू लागली. माझं गळ्याखालचं हाड मोडलं होतं. मूल गावच्या दवाखान्यात भरती झालो.

तिसऱ्या दिवशी भाऊ आले आणि खाटेच्या पायाशी उभे राहिले. मी भांडायच्या तयारीतच होतो. "तुम्ही म्हणाला होतात समजलं म्हणून!"

"चूक माही हाय, साहेब," ते म्हणाले. आजूबाजूचे रोगी ऐकत होते. "मले काईच समजलं नव्हतं. चार जणांपुढं तसं म्हणाची लाज वाटली."

मी मनात रचून ठेवलेलं भांडण तिथेच संपलं. त्यांनी आणलेली संत्री त्यांनीच सोलून मला खाऊ घातली.

नंतर त्यांनी गाडी टेम्पोत टाकून मूलच्या दुसऱ्या मेकॅनिककडे नेली. तो त्यांच्याहून वीस वर्षांनी लहान. भाऊ त्याच्यासमोर दोन दिवस पोत्यावर बसून पाहत राहिले. इंजिनाच्या आत, फिरत्या दांड्याजवळचं रबरी सील फाटलं होतं आणि तिथून हवा शिरत होती. "म्या समोरचं दार लावून राह्यलो होतो," ते मला सांगायला आले, "अन् हवा मागच्या खिडकीतून येऊन राह्यली होती." हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर नवीन काही शिकल्याचा आनंदच होता.

त्यानंतर ते गिऱ्हाइकाला तोंडावर सांगू लागले, "आज नाई समजलं जी. गाडी ठेवा, नाईतर मूलले न्या." लोक म्हणू लागले, म्हातारा कामातून गेला. शेडीतली गर्दी हळूहळू ओसरली. हे माझ्यामुळे झालं की त्यांच्या चांगुलपणामुळे, आणि याचं वाईट वाटून घ्यावं की कौतुक करावं, याचा मला उलगडा होत नव्हता.

राजुऱ्याला बदली झाली तेव्हा निरोप घ्यायला गेलो. शेडीत एकच गाडी उभी होती. न राहवून म्हणालो, "भाऊ, 'नाही समजलं' असं सगळ्यांना कशाला सांगत बसता? गिऱ्हाइकं गेली ना तुमची."

त्यांनी तेलकट हात फडक्याला पुसले. माझ्या खांद्याकडे पाहिलं.

"गिऱ्हाइक गेलं तर दुसरं येईन, साहेब," ते म्हणाले. "त्या दिवशी तुमी गेले असते, तर दुसरे कुठून आणले असते?"