बाटलीभर वाळू

जैसलमेरच्या वाळवंटात तंबूत राहायची सहल होती. पाठीवर सॅक अडकवलेल्या त्या घोळक्यात आमच्या बीडकडचा एकच माणूस भेटला, उमापूरचा. गाईड सगळ्यांना सूर्यास्त दाखवत होता आणि हा चपला काढून, उकिडवा बसून, मुठीतली वाळू हळूहळू सोडत होता.

"आमच्या गोदावरीत लई वाळू व्हती," तो म्हणाला. "लहानपणी आमी तिच्यात लोळलो. मग टिपर घेतला अन् मीच भरभरून विकली. आता पात्रात नुसते खड्डे हायत."

निघताना गाईडनं सगळ्यांना आठवण म्हणून बाटलीभर वाळू दिली. यानं ती तिथंच ओतली आणि तळहातानं जागा सारखी केली.

"भाऊ, कावून ओतली?" मी विचारलं.

"नगं. माझा हात मला ठाऊक हाय. एका बाटलीवर थांबायचा न्हाई."