मीर आगांचा चौथा रकाना

मीर आगा कुणालाही 'बरं आहे का' म्हणून विचारत नसत. समोर माणूस दिसला की उजवा हात छातीवर ठेवायचे, मान जराशी झुकवायचे आणि म्हणायचे, "काय तक्रार?" काजूच्या कारखान्यात बी फोडणाऱ्या बायांना तेच, मालवणहून येणाऱ्या एस.टी.च्या कंडक्टरलाही तेच. सुरुवातीला बाया पदर तोंडाला लावून हसल्या. पण कुणी खरंच तक्रार सांगितली की हा माणूस कोटातून वही काढायचा, नाव विचारायचा, बापाचं नाव विचारायचा आणि उजवीकडून डावीकडे काहीतरी लिहून घ्यायचा. मग हसणं थांबलं.

मी तेव्हा त्याच कारखान्यात कारकून होतो. वाडीतला पहिला बी.ए. माझा बाप अंगठा उठवायचा आणि मी इंग्रजीत अर्ज लिहायचो. याचा मला अभिमान होता, अजून आहे. मीर आगांना मुंबईच्या एका सुक्या मेव्याच्या व्यापाऱ्याने माल पारखायला पाठवलं होतं. अख्खा गर, पाकळी, तुकडा हे ते डोळे मिटून नुसत्या बोटांनी वेगळं करत. सहा फुटांवर उंची, अर्धी पांढरी दाढी आणि भर मे महिन्यातही अंगात तोच करडा कोट.

आपण काबूलच्या पार्लमेंटात निवडून गेलो होतो, असं ते सांगत. घोड्यावरून मतं मागितली. एका गावात बर्फामुळे तीन दिवस अडकून पडले, त्या गावाने तीन दिवस जेवू घातलं आणि मतं दुसऱ्याला दिली. "पण तक्रार मलाच सांगितली," हे ते हसत सांगायचे. पुढे राजा गेला, पार्लमेंटाला कुलूप लागलं, हे तुरुंगात. सुटले तोवर रशियाचं सैन्य आलं. मग डोंगर ओलांडून पेशावर, तिथून दिल्ली, मुंबई आणि आमची वाडी.

आबा गावकरांना यातलं काहीच पटलं नव्हतं. आबा म्हणजे देवळात गाऱ्हाणं घालणारे, गावात त्यांचा शब्द शेवटचा. ते म्हणाले, "पार्लमेंटाचो मेंबर आनि हय काजू निवडता? आमचो पंचायतीचो मेंबर हातात पिशवी धरना नाय."

खरं सांगायचं तर मलाही पटलं नव्हतं. किनाऱ्यावर तेव्हा चोरटं सोनं उतरत होतं, अनोळखी माणसाकडे सगळेच टक लावून बघत. त्यात यांच्या गोष्टी जुळत नव्हत्या. मला सांगितलं, डोंगर पायी ओलांडला. बी फोडणाऱ्या पार्वतीवहिनींना सांगितलं, खेचरावरून. आबांना सांगितलं, ट्रकात कलिंगडांखाली झोपून. एका माणसाने तीन तऱ्हांनी एकच देश कसा सोडला?

मग एका रविवारी सकाळी मी त्यांना पाहिलं. वाडीतल्या शेवटच्या घरापासून ते निघाले आणि ओठ हलवत, पावलं मोजत, वरच्या सड्यावरच्या, कातळी माळावरच्या, गोड्या विहिरीपर्यंत गेले. वाडीतली विहीर मार्च सरला की खारट व्हायची, तेव्हा बाया तिथूनच पाणी आणत. मी मागे अंतर ठेवून चाललो आणि मीही मोजली. नऊशे बारा. विहिरीपाशी त्यांनी वही काढून लिहिलं, समुद्राकडे बराच वेळ बघितलं आणि परतले.

आबांनी त्याच दिवशी मला बोलावलं. "बीए झालस मा रे? मगे लिव पोलिसांका. इंग्रजीत लिव, म्हणजे वाचतीत."

लिहिलं. फुलस्केपची दोन पानं, एकही खाडाखोड नाही. सदर इसम घराघरातल्या माणसांची नावे गुप्त लिपीत नोंदवतो, विहिरीचं अंतर मोजतो, समुद्राची टेहळणी करतो. 'नऊशे बारा' हा आकडा मुद्दाम घातला, अर्जाला वजन यावं म्हणून. खाली सही केली नाही. वाडीने सांगितलं म्हणून लिहिलं असं मी पुढे अनेकांना सांगितलं, पण लिहिताना मला मजा आली होती हेही खरं.

फौजदार आले आणि वही घेऊन गेले. मालवणच्या मशिदीतल्या एका वृद्ध मौलवींना फारसी येत होती, त्यांच्याकडून ती वाचून घेतली. प्रत्येक पानावर चार रकाने. नाव, बापाचं नाव, तक्रार, आणि चौथ्यात 'झालं' किंवा 'नाही झालं'. सुरुवातीची सगळी पानं त्यांच्या मुलखातल्या गावांची होती. कालवा फुटला, पोराला पकडून नेलं, शाळेला छप्पर नाही. चौथ्या रकान्यात बहुतेक 'नाही झालं'. शेवटची पाच पानं आमच्या वाडीची, त्यांत 'झालं' एकदाही नव्हतं.

वही परत मिळाली. पण अर्जामुळे कागद वर गेले होते आणि वरून उत्तर आलं की परदेशी माणसाला किनाऱ्यावरच्या गावात राहता येणार नाही, आठ दिवसांत दिल्लीला जावं. मुंबईच्या व्यापाऱ्यानेही हात वर केले. म्हणजे राहतं घर आणि काम, दोन्ही माझ्या दोन पानांनी गेलं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मीर आगा माझ्या टेबलासमोर येऊन बसले.

"फौजदाराने अर्ज दाखवला. अक्षर छान आहे तुझं."

कारखान्याच्या प्रत्येक पावतीवर तेच अक्षर होतं.

"माझ्या निवडणुकीत माझ्याविरुद्ध पत्रकं लिहिणारा एक होता. निवडून आल्यावर मी त्यालाच लिहायला ठेवला. चांगला लिहिणारा सहज मिळत नाही, बेटा. कागद घे."

मला वाटलं, परवान्यासाठी अर्ज लिहायचा असणार. मी मनातल्या मनात वाक्यं जुळवायलाही लागलो.

"लिही. कलेक्टरसाहेबांस. आमच्या वाडीतील विहीर खारट होते. बायका गोड्या पाण्यासाठी शेवटच्या घरापासून नऊशे बारा पावले जातात." मग थांबून म्हणाले, "माझी आठशेच भरली होती. माझी टांग लांब. तुझा आकडा ठेव, पाणी आणणाऱ्या बाईच्या पावलाला तो जवळचा."

"आणि तुमचं काय, खानसाहेब?"

"माझा निकाल लागला. यांचा लागायचाय."

त्या अर्जाखाली मी सही केली. पहिली आबांची घेतली. आबांनी वाचून घेतलं, बराच वेळ सुपारी कातरत बसले आणि म्हणाले, "ह्या तेना सांगल्यान? परक्या मुलखातल्या मानसान?" मग सही केली. वाडीत गोड्या पाण्याची नवी विहीर दोन वर्षांनी झाली. तरी मीर आगांविषयीचा माझा संशय गेला नव्हता. वाडीत ज्याला नाही म्हणायला तोंड उरलं नव्हतं, नेमका तोच माणूस त्यांनी लिहायला निवडला. याला क्षमा म्हणायचं की राजकारण, हे मला आजही ठरवता येत नाही.

जायच्या दिवशी एस.टी.च्या थांब्यावर मी एकटाच होतो. विचारायचं राहिलं होतं ते विचारलं. "खरं सांगा, पायी आलात, खेचरावरून की ट्रकातून?"

"डोंगर खूप होते, बेटा," ते म्हणाले. मग वही काढली. "तुझं नाव आहे यात, बापाचंही आहे. तिसरा रकाना रिकामा राहिला. तू कधी बोललाच नाहीस. काय तक्रार?"

गाडी वळणावर दिसत होती. मी म्हटलं, "माझी तक्रार तुमच्याविरुद्ध होती, खानसाहेब. तुम्ही इथे राहता, हीच."

त्यांनी मान डोलावली आणि गुडघ्यावर वही ठेवून शांतपणे लिहिलं. मग पेन डावीकडे सरकवून आणखी एक शब्द लिहिला, वही मिटली, हात छातीवर ठेवला आणि गाडीत चढले.

मला ती लिपी वाचता येत नव्हती. पण शेवटचा शब्द चौथ्या रकान्यात होता, आणि आमच्या वाडीच्या पाच पानांत तो तोवर कुठेच पडला नव्हता. झालं.