चर्चमधला भंडारा

ती घटना आठवली की आजही माझं डोकं तापतं. नोकरीत मी चोर पाहिले, दरोडेखोर पाहिले, खुनीही पाहिले. पण ज्या प्रकरणात मी वरिष्ठांना पहिल्यांदा 'नाही' म्हणालो, ते प्रकरण होतं चर्चमध्ये सापडलेल्या हळदीच्या पुड्यांचं.

तेव्हा मी निपाणी भागातल्या एका ठाण्यात पीएसआय होतो. पंचायतीच्या मतदानाला चार दिवस उरले होते. सोमवारी सकाळी एक विडी कंत्राटदार, गावातल्या बायकांना घरी विड्या वळायला पानं-तंबाखू देणारा, दहा-बारा माणसं घेऊन ठाण्यात आला. तो स्वतः उमेदवार होता. अर्जात लिहिलं होतं की गावातल्या चर्चच्या फादरनी रविवारी बायका जमवल्या, त्यांत हिंदू बायकाही होत्या, आणि बायबलवर हात ठेवायला लावून त्याच्याविरुद्ध मत देण्याची शपथ घातली. प्रार्थनेच्या जागेत प्रचार केला म्हणून गुन्हा दाखल करा, फादरना आत घ्या, ही मागणी.

"पाद्र्यानं आपली प्रार्थना करावी की, साहेब," कंत्राटदार म्हणाला. "राजकारणात कशाला त्वांड घालायचं?"

खोटं कशाला बोलू, तेव्हा मलाही तसंच वाटत होतं. मी बेळगुंदीकडच्या शेतकरी घरातला. देवाचं देवळात आणि मताचं मतपेटीत, एवढी साधी समजूत. अर्ज घेतला, पोच दिली, स्टेशन डायरीत नोंद केली.

मंडळी गेल्यावर आमचा बीट हवालदार आत आला. त्या गावात त्यानं बरीच वर्षं पाय झिजवले होते, सासुरवाडीही तिथलीच. "साहेब, तक्रार निम्मीच खरी हाय. बाया चर्चात गेलत्या, त्ये खरं. पर शपथ घ्यायला न्हाय. शपथ उतरवायला गेलत्या म्हंत्यात."

"शपथ उतरवायला म्हणजे?"

"त्ये काय कोण सांगंना. माझी बायकोबी सांगंना."

हवालदाराची बायकोसुद्धा गप्प बसते, तेव्हा समजावं की गावात भीती मोठी आहे.

मंगळवारी दोन पंच घेऊन चर्चमध्ये गेलो. कौलारू, बैठी इमारत, आत आठ-दहा बाकं. फादर खानापूरकडचे, पन्नाशीचे, बोलायला मोजके. वेदीखाली एक स्टीलचा डबा होता. शिपायानं झाकण काढलं तर आत कागदाच्या लहान लहान पुड्या, आणि प्रत्येक पुडीत पिवळी पूड. दारातल्या गर्दीत कंत्राटदाराची माणसं होतीच. "करणी! करणी केलीया!" असा एकच गिल्ला झाला.

मी एक पुडी उघडून वास घेतला. करणी कसली, तो भंडारा होता. आमच्या भागात कुणाला तो ओळखायला वेळ लागतो? देवाला वाहिलेली हळद. निवडणूक आली की उमेदवाराची माणसं घरोघरी जातात आणि 'भंडारा उचल' म्हणतात. माणसानं तो हातात घेऊन 'मत तुम्हालाच' म्हटलं की बांधला गेला. शब्द मोडला तर देव घरावर कोपतो, ही श्रद्धा. हा प्रकार माझ्या डोळ्यांदेखत वर्षानुवर्षं चालत आला होता. त्याबद्दल ठाण्यात एकही अर्ज आला नव्हता, आणि मीही कधी मागवला नव्हता.

फादरना ठाण्यात आणून खुर्ची दिली आणि विचारपूस सुरू केली.

"रविवारी मतदानाबद्दल बोललात का?"

"बोललो. भीतीनं दिलेलं मत हे मत नव्हे, असं बोललो. येत्या रविवारीही बोलेन."

"कुणाला मत द्या म्हणालात?"

"नाही. ते माझं काम नाही."

"भंडारा चर्चमध्ये कसा आला?"

"बायकांनी आणला. घरात ठेवायची भीती वाटते, आणि गटारात टाकवत नाही. त्यांना मी सांगितलं, तुमच्या देवाची शपथ मी कोण सोडवणार? भंडारा बिरोबाचा, म्हणून बिरोबाच्या गुरवांना निरोप दिलाय, ते येऊन घेऊन जातील. तोवर जपून ठेवला."

"कोण बायका? नावं सांगा."

"नावं सांगणार नाही. उद्यापासून त्यांची पानं-तंबाखू बंद होईल. मला आत टाका."

मी वैतागलो. "फादर, तुम्ही देवाचं बघायचं सोडून कशाला या भानगडीत पडता?"

ते शांतपणे म्हणाले, "साहेब, तुमच्या ठाण्यात दसऱ्याच्या आयुधपूजेला पहिला नारळ कोण फोडतं?"

तोच कंत्राटदार फोडत होता. दरवर्षी.

दुपारी वरून फोन आला. "त्यांना आत घ्या. मतदान होऊ दे, मग सोडून द्या." मी विचारलं, कोणत्या पुराव्यावर? उत्तर आलं, "पुरावा नंतर बघू." मी म्हणालो, "सर, हा आदेश लेखी द्या. तोवर मी तोंडी आदेशाची नोंद स्टेशन डायरीत करतो." पलीकडून फोन बंद. मी नोंद केली. वेळ, शब्द, सगळं. लिहिताना माझी पाचावर धारण बसली होती, हेही सांगतो. पण लिहिलं.

मग मुद्देमाल सील करायला घेतला. पुड्या मोजताना एकीचा कागद पुरता उलगडला आणि आतल्या बाजूला छाप दिसली. विडीच्या कट्ट्यावर, म्हणजे बंडलावर, चिकटवतात ते लेबल, उलटं करून दुमडलेलं. दुसरी उघडली, तिसरी उघडली, सगळीकडे तेच. आणि ते लेबल तक्रारदाराच्याच विडीचं! त्याचा हिशेब ठेवणाऱ्या आणि त्याच्यासाठी भंडारा वाटत फिरणाऱ्या दिवाणजीनं घाईत हाताशी होता तो कागद घेतला होता. बायका पुड्या कुठे नेऊन ठेवतात, हे कंत्राटदाराला ठाऊकच नव्हतं. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या या.

पण लेबलावरून कागद कुणाचा ते कळतं, धाक कुणी घातला ते कळत नाही. त्याला माणूस लागतं. ते माणूस बुधवारी सकाळी आपल्या पायांनी आलं.

साठीच्या एक आक्का, विधवा, विड्या वळून नातवाला सांभाळणाऱ्या. तंबाखूनं बोटं काळी पडलेली. बरोबर बिरोबाचे गुरव. फादरना रात्रभर ठाण्यात ठेवलं अशी अफवा गावात उठली होती. खरं तर मी त्यांना संध्याकाळीच घरी पाठवलं होतं.

"आमच्यापायी त्या माणसाला का बसीवलंय?" आक्कांनी उभ्याउभ्याच विचारलं. "ल्हिवा माझं नाव. दिवाणजीनं नातवाच्या डोक्यावर हात ठिवाय लावला आन् भंडारा उचलाय लावला. न्हाय म्हटलं तर पानं मिळणार न्हाईत म्हटला."

गुरव म्हणाले, "फादरचा निरोप मला आलता, साहेब. देवाचा भंडारा कपाळाला लावाय असतोय. माणसाला दाव्याला बांधाय न्हाय."

मी आक्कांना बजावलं, सही केलीत तर काम जाईल. त्या म्हणाल्या, "जाऊ दे की. नातवावरचं वझं तर उतरंल." मला माझ्या वर्दीची लाज वाटली. जे माझं काम होतं ते ही बाई स्वतःच्या पोटावर पाय देऊन करत होती.

ठाणं कर्नाटकातलं, आमचं दप्तर कानडीत. रायटरनं जबाब लिहिला, मी आक्कांना मराठीत वाचून दाखवला, त्यांनी अक्षरं जुळवत सही केली. कंत्राटदार आणि दिवाणजीवर मतदारांना धमकावल्याचा गुन्हा नोंदवला. फादरवरचा अर्ज तथ्यहीन म्हणून निकाली काढला. आक्कांचं काम त्याच दिवशी गेलं. गुरवांच्या सुनेनं त्यांना निपाणीच्या दुसऱ्या कारखान्यात लावून दिलं. महिन्याभरात माझी बदली झाली, ती थेट राज्याच्या दुसऱ्या टोकाला. मी सामान बांधलं आणि गेलो.

आता बेळगावात सकाळी फिरायला आमचा निवृत्तांचा कंपू जमतो, मास्तर, वकील, कचेरीतले. निवडणूक आली की कुणीतरी म्हणतंच, "चर्चवाल्यांनी राजकारणात पडू नये." मी विचारतो, घरोघरी जाऊन देवाचा भंडारा उचलायला लावतात तेव्हा तुमचं हे तत्त्व कुठं जातं? देवाचा धाक घालून मत बांधणारा कुठल्याही धर्माचा असो, मी त्याला गुन्हेगारच म्हणेन. पण तो धाक मोडायला उभा राहिलेला माणूस झगा घालतो की गंध लावतो, हे मी बघणार नाही. त्याला गप्प बस म्हणायला माझी जीभ रेटणार नाही. मित्र चिडतात. चिडू देत.

आक्कांच्या त्या जबाबातला शेवटचा प्रश्न मी मुद्दाम मागे ठेवला आहे. नियमाप्रमाणे मला तो विचारावाच लागला. "आक्का, फादरनी कुणाला मत द्यायला सांगितलं?"

आक्कांनी माझ्याकडे अशी नजर टाकली की मी खुर्चीत सावरून बसलो.

"सांगितलं न्हाय. आन् सांगितलं असतं तर त्यांचंबी ऐकलं नसतं. मत माझं हाय, साहेब."

रायटरची लेखणी थांबली. हे कसं लिहायचं, म्हणून त्यानं माझ्याकडे पाहिलं.

"जसंच्या तसं लिही," मी म्हणालो.