मोरीतलं स्टूल

शशीला मी शेवटची भेटले ती परळच्या एका हॉस्पिटलात, विसर्जनाच्या दिवशी. भेटले असं आपलं म्हणायचं, कारण तिला माणसं ओळखू येईनाशी झाली होती. खालच्या रस्त्यावरून मिरवणूक चालली होती आणि खिडक्या बंद असूनही ढोल आत येत होता. मी वाकून तिच्या ओठांना ओला बोळा लावत होते, तेवढ्यात बाहेर फटाक्यांची मोठी माळ लागली. शशीचा हात उठला, माझ्या डोक्यावर आला आणि तिने मला जोर करून खाली दाबलं. एवढी ताकद तिच्यात कुठून आली कोण जाणे. माळ संपेपर्यंत माझं कपाळ तिच्या गादीला टेकलेलं होतं. सिस्टर म्हणाली, “बघा, आशीर्वाद देतायत तुम्हाला.” मी मान डोलावली. तो आशीर्वाद नव्हता, पण तिला कुठून सांगायला सुरुवात करणार... दुसऱ्या दिवशी सकाळी शशी गेली.

शशिकला परब म्हणजे आमच्या परळच्या शाळेतली पीटीची बाई. मी मराठी शिकवायचे. मैदान माझ्या वर्गाच्या खिडकीखालीच होतं, त्यामुळे तिची शिट्टी आणि माझ्या कविता यांचं उभं वैर. मी ऐन रंगात आले की खालून शिट्टी वाजलीच म्हणून समजा. एकदा मी खिडकीतून डोकं काढून म्हटलं, “शशी, जरा हळू वाजव की.” तर मुलांसमोर कमरेवर हात ठेवून म्हणाली, “हळू वाजली तर ती शिट्टी कसली गो?” मुलं आठवडाभर मला ऐकवत होती. तिचं सगळंच दणक्यात असायचं, हसणं, भांडणं, जेवायला वाढणं. लालबागच्या चाळीतल्या तिच्या खोलीत ती बोलायला लागली की खालच्या मजल्यावरचे लोक उत्तर द्यायचे. आई गेल्यावर त्या खोलीत ती एकटीच होती, पण तसं कधी वाटलं नाही.

निवृत्तीनंतर आम्ही दोघी एका यात्रा कंपनीबरोबर उत्तरेला फिरायला गेलो. सीमेजवळच्या एका गावात दरड कोसळली म्हणून बस दिवसभर अडकली. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. रस्त्याकडेला पत्र्याच्या छपराची दोन खोल्यांची शाळा होती. पलीकडे डोंगर, आणि डोंगराच्या पलीकडून तोफगोळे यायचे. कुणाचं घर गेलं, कुणाचे वडील गेले, अशा मुलांना गोळा करून एक म्हातारे मास्टरजी ती शाळा चालवत होते. पगार कधी व्हायचा, कधी नाही. मधली सुट्टी झाली, पण एकही मूल पळालं नाही. सगळी भिंतीला पाठ लावून बसली. “लाजरी आसत गो पोरां,” असं म्हणून शशी शिट्टी घेऊन बसमधून उतरली. संध्याकाळपर्यंत तिने त्यांना खो-खोला बसवलं होतं. परतताना मला म्हणाली, “ही शाळा बंद पडता नये.” मला वाटलं, सहलीतला उत्साह आहे, दादरला उतरली की विसरेल. मी तिला इतकी वर्षं ओळखत होते आणि तरी असं वाटलं मला.

ती दर मे महिन्यात तिकडे जाऊ लागली. शिक्षकांचे पगार तिने चाळीच्या मंडळाच्या गळ्यात घातले. मंडळाचा अध्यक्ष बंड्या तिचाच विद्यार्थी, त्याची काय बिशाद नाही म्हणायची. पुढे बंड्याच म्हणाला, “बाई, एकदा पोरांना इकडे आणा ना. लोकांनी डोळ्यांनी बघितली तर शाळा आपण कायमची दत्तक घेऊ.” शशीला आकाश ठेंगणं झालं. महिनाभर आधी तिने तयारी सुरू केली. लेझीम, ओवाळायला बायका, आणि नाक्यापासून गेटपर्यंत फटाक्यांची माळ. लालबागमध्ये आपल्या माणसाला घरी आणायचं तर ते असंच आणतात. बंड्याने विचारलंसुद्धा, “माळ कितीची आणू?” शशी म्हणाली, “सगळ्यात मोठी आण. माझी पोरां येतत.”

बस थांबली. नवे कपडे घातलेली मुलं मास्टरजींच्या मागे एका ओळीत उतरली. ओवाळणाऱ्या बायकांत मीही ताट घेऊन उभी होते. शशी मोरपंखी रेशमी साडीत पुढे झाली आणि इशारा म्हणून तिनेच शिट्टी वाजवली. माळ पेटली.

मुलं एका क्षणात रस्त्यावर पालथी पडली. सगळी एकसारखी, कोपरं आत घेऊन, डोक्यावर हात ठेवून. एकही मूल रडलं नाही, ओरडलं नाही. नुसरत नावाची आठेक वर्षांची मुलगी तेवढी उठून शशीकडे धावली. तिने शशीचा हात धरला, “मॅडमजी, नीचे!” म्हणत तिला खाली ओढलं आणि स्वतःचे दोन्ही तळवे शशीच्या डोक्यावर दाबून धरले. मोठी माळ, पेटल्यावर ती कोण थांबवणार? बंड्या नुसता हातवारे करत होता. लेझीमवाली पोरं लेझीम छातीशी धरून उभी होती. आणि आमची पीटीची बाई रेशमी साडीत रस्त्यावर पालथी पडली होती, त्या चिमुरडीच्या हातांखाली. माझ्या ताटातलं निरांजन कधी विझलं कळलं नाही.

दुसऱ्या दिवशीच्या गाडीने मास्टरजी मुलांना घेऊन परत गेले. त्या रात्री मी शशीकडे राहिले होते. ती जेवली नाही. एवढंच म्हणाली, “तिने माका झाकल्यान गो...” मग शिट्टी काढून तिने आईच्या तसबिरीमागे टाकली, ती पुन्हा कधी गळ्यात घातली नाही. शाळा दत्तक घ्यायचा विषय मंडळात पुन्हा निघाला नाही. लोक वाईट नव्हते, ओशाळले होते. आणि ओशाळलेली माणसं विषय टाळतात. पगार थोडे दिवस गेले, मग थांबले. पुढच्या गणपतीत बंड्या तिच्यासमोर येईना.

मग शशी एकटीच भिडली. जुन्या विद्यार्थ्यांची दारं ठोठावायची, स्वतःची पेन्शन ओतायची. मला तिचा रागही यायचा. गुडघे गेलेले, औषधं अर्धीच घ्यायची आणि स्वेटरांचं पार्सल मात्र वेळेवर. मेमध्ये गेली की मुलांशी रुमालाने खेळायची. रुमाल वर म्हणजे पळा, खाली म्हणजे थांबा. मुलांचा फोन रविवारी संध्याकाळी यायचा. लालबागमध्ये संध्याकाळी काही ना काही वाजतच असतं, कुणाची वरात, कुणाचा वाढदिवस. जरा आवाज झाला की ती फोनवर तळवा दाबायची, लगबगीने मोरीत जायची आणि दार लावून घ्यायची. त्या मोरीला तिने खास दार बसवून घेतलं होतं, आत एक प्लॅस्टिकचं स्टूल ठेवलं होतं. बाहेर मी चहा घेऊन बसलेली, आणि आतून हळू आवाजातलं तिचं मोडकं हिंदी. शशी हळू बोलू शकते हे मला तिच्या सत्तरीत कळलं. मी हसायचे तिला. आता ते हसणं आठवलं की बरं वाटत नाही.

गेल्या वर्षी तिकडे पुन्हा गोळे पडले. शाळेचं छप्पर गेलं आणि मास्टरजी त्यातच गेले. मुलं सुट्टीमुळे घरी होती म्हणे, पण घरं तरी कुठे धड राहिली होती... नुसरत आता मोठी झाली होती, धाकट्यांना शिकवायला लागली होती. तिचा फोन लागेना. शशी दिवसातून किती वेळा लावायची ते मी बघितलंय. त्यातच तिला झटका आला. हॉस्पिटलात जीभ जड झाली तरी विचारायची, “शाळा?” मी दर वेळी म्हणायचे, “कळेल गं, कळेल.” ते न कळताच ती गेली.

परवा तिची खोली आवरायला गेले होते. चाळ पाडायची आहे, खोली रिकामी करून द्यायची होती. शिट्टी तसबिरीमागेच होती, धूळ खात. संध्याकाळ झाली आणि शशीचा फोन वाजला. तो मी अजून चार्ज करून बरोबर ठेवते.

“मॅडमजी? मैं नुसरत. मॅडमजी, स्कूल बंद नहीं हुआ.” मामाच्या गोठ्यात थोडी मुलं घेऊन बसते म्हणाली. बरीच मुलं गाव सोडून गेलीत, काहींचा पत्ताच नाही. पण बंद नाही झालं. एका दमात बोलत होती, कधीचं पाठ केल्यासारखं. मी तिला थांबवलं आणि सांगितलं.

ती रडली नाही. मग तिने विचारलं, “आंटी, जब मॅडमजी गईं... आसपास शोर तो नहीं था ना?”

मी तोंड उघडणार, तोच खाली चाळीच्या पोरांनी दिवाळीची पहिली माळ लावली. मी फोनवर तळवा दाबला. तशीच मोरीत गेले, दार लावून घेतलं. स्टूल तिथेच होतं. त्यावर बसले, आवाज जाईपर्यंत थांबले आणि मग तळवा काढून म्हटलं, “नहीं बेटा. सब शांत था.”